ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय? मग किचनचा फोटो नको, आधी ही गणितं बघा

अमेरिकेतलं एखादं राष्ट्रीय उद्यान, मागे डोंगर, समोर तळं आणि मध्ये पांढराशुभ्र ट्रेलर. दार उघडलं की आत चकचकीत ओटा, भला मोठा फ्रिज, ओव्हन आणि खिडकीत तुळशीसारखं ठेवलेलं एखादं रोपटं. असे रील्स आता सगळ्यांच्याच फीडमध्ये येतात. ते बघून "आपणही असा एक ट्रेलर घेऊया का?" असा विचार अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत होतो. त्यामागे कारणही असतं. लांबच्या प्रवासात शाकाहारी जेवण मिळेलच याची खात्री नसते. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतील तर तिसऱ्या दिवशी बर्गर नकोसा होतो आणि वरण-भाताची आठवण यायला लागते.

पण रीलमध्ये दिसणारं किचन आणि रोज दोन वेळचा स्वयंपाक होऊ शकेल असं किचन यांत मोठा फरक आहे. घरातल्या किचनमागे महापालिकेचं पाणी, ड्रेनेज आणि विजेची लाइन असते. ट्रेलरच्या किचनमागे असतात काही टाक्या, एक-दोन सिलेंडर आणि एक बॅटरी. त्यामुळे ट्रेलरचं किचन चांगलं आहे की नाही, हे फक्त ओट्याच्या लांबीवरून ठरत नाही. वजन, पाणी, गॅस, वीज आणि हवा या पाच गोष्टी तपासाव्या लागतात. त्या कशा तपासायच्या, तेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे नक्की काय?

ट्रॅव्हल ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. एसयूव्ही किंवा पिकअप ट्रकच्या मागे हूक लावून तो ओढून न्यायचा असतो. ज्याला इंजिन असतं ते मोटरहोम. ट्रेलरचा फायदा असा की मुक्कामी पोहोचल्यावर तो कॅम्पसाइटवर उभा करून गाडी मोकळी करता येते आणि फिरायला जाता येतं.

गंमत म्हणजे या वाहनाच्या इतिहासातही स्वयंपाकघर आहे. चंदेरी ट्रेलरसाठी प्रसिद्ध असलेली एअरस्ट्रीम ही कंपनी वॉली बायम यांनी १९३१ साली सुरू केली. त्यांच्या पत्नी मॅरियन यांना किचनशिवाय कॅम्पिंगला जाणं मान्य नव्हतं आणि तिथूनच बायम यांचे प्रयोग सुरू झाले, असं सांगितलं जातं. म्हणजे "किचन चांगलं हवं" ही अट ट्रेलरइतकीच जुनी आहे.

१. आधी वजन, मग किचन

शोरूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा दाराजवळचं पिवळं स्टिकर वाचा. ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती सामान भरता येईल, याचा आकडा त्यावर असतो. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातलं किती वजन पाण्यातच जाईल, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ट्रेलरचं कमाल वजन ६,००० पाउंड आहे आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन ४,९०० पाउंड. म्हणजे सामानासाठी उरले १,१०० पाउंड, साधारण ५०० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल, तर ती भरल्यावर १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो वजन झालं. जवळपास तिसरा हिस्सा पाण्यातच संपला. उरलेल्या ३५० किलोत कपडे, अंथरुणं, खुर्च्या, सायकली, भांडीकुंडी आणि आठवड्याचा किराणा बसवायचा आहे. डीलरने नंतर बसवून दिलेली बॅटरी, सोलर पॅनेल असं सामानही यातच धरायचं.

मोठा फ्रिज, ओव्हन, दगडी ओटा या गोष्टी दिसायला छान असतात, पण त्यांचंही वजन असतं. ते रिकाम्या ट्रेलरच्या वजनात आधीच धरलेलं असतं आणि तेवढी सामानाची जागा कमी होते. म्हणूनच काही वेळा साध्या किचनचा ट्रेलर सामानाच्या बाबतीत जास्त उपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न, किचन ट्रेलरमध्ये कुठे आहे? पुढे, मध्ये की मागे? हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या हूकवर पडायला हवं. ६,००० पाउंडांच्या ट्रेलरसाठी हा आकडा ६०० ते ९०० पाउंड होतो. किचन अगदी मागच्या टोकाला असेल आणि तिथल्या कपाटांत धान्य, डबाबंद पदार्थ, कुकर, कढया ठासून भरल्या, तर मागची बाजू जड होते आणि हूकवरचं वजन कमी होतं. मग हायवेवर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलायला लागतो. यातून गंभीर अपघात होऊ शकतात.

याचा अर्थ मागे किचन असलेला ट्रेलर घेऊच नये, असा नाही. मागच्या खिडकीतून दिसणारं दृश्य आणि मोठा ओटा यामुळे अनेकांना तोच आवडतो. फक्त जड सामान चाकांच्या थोडं पुढे, खालच्या कप्प्यांत ठेवायचं. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, हे डीलरला विचारायचं. सामान भरल्यावर एकदा वजनकाट्यावर नेऊन खात्री करायची. आणि हूकवर पडणारं हे वजन आपली गाडी पेलू शकते का, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं.

२. पाणी : येणारं आणि जाणारं

ट्रेलरमध्ये साधारण तीन प्रकारच्या टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, तिसरी टॉयलेटची. ट्रेलर बघताना सगळे स्वच्छ पाण्याच्या टाकीचा आकार विचारतात. पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधी अडवते ती सांडपाण्याची टाकी.

हिशेब सोपा आहे. सिंकचा नळ मिनिटाला दीड गॅलन पाणी सोडतो असं धरा. नळ सुरू ठेवून पाच मिनिटं भांडी घासली की साडेसात गॅलन, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी गेलं. टाकी ३० गॅलनची असेल, तर अशी चार वेळा भांडी घासली की टाकी फुल्ल. दोन वेळचा स्वयंपाक धरला तर दुसऱ्या दिवशीच पाणी तुंबायला लागेल. हे पाणी "झाडांना घालू" म्हणून बाहेरही सोडता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांमध्ये सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई असते. ते ठरलेल्या डम्प स्टेशनवर जाऊनच रिकामं करावं लागतं.

म्हणून दोन प्रश्न नक्की विचारा. सांडपाण्याची टाकी किती गॅलनची आहे? आणि किचनच्या सिंकची टाकी शॉवरपेक्षा वेगळी आहे का? काही ट्रेलरमध्ये ती वेगळी असते. मग दोन्ही टाक्यांची बेरीज जाहिरातीत मोठी दिसते, पण सिंकच्या वाट्याला आलेली टाकी लहान असू शकते.

इथे आपल्या स्वयंपाकाची एक खास अडचण आहे, ती म्हणजे तेल. फोडणीचं तेल सिंकमधून खाली गेलं की टाकीच्या भिंतींना चिकटतं. टाकी किती भरली हे सांगणाऱ्या सेन्सरवरही त्याचा थर बसतो आणि ते चुकीचे आकडे दाखवायला लागतात. उपाय घरगुती आहे. कढई आधी कागदाने पुसून घ्यायची, खरकटं कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं आणि मगच भांडं सिंकमध्ये ठेवायचं. सिंक बघताना ते उथळ नाही ना आणि नळ पुरेसा उंच आहे ना, हेही बघा. पाच लिटरचा कुकर नळाखाली सरळ उभा राहत नसेल, तर ते सिंक आपल्या कामाचं नाही.

३. गॅस शेगडी की इंडक्शन?

बऱ्याच ट्रेलरच्या पुढे २० पाउंडांचे एक किंवा दोन प्रोपेन सिलेंडर असतात. एका सिलेंडरमध्ये साधारण ९ किलो गॅस बसतो. भारतात आपल्या घरी येतो तो सिलेंडर १४.२ किलोचा असतो, म्हणजे हा त्याहून बराच लहान.

मग तो पुरेल का? स्वयंपाकासाठी आरामात. एवढ्या गॅसमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू उष्णता असते. ९,००० बीटीयूचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर ठेवला, तरी तो ४५ तासांहून जास्त चालेल. गॅस खरा खातो तो हीटर. ३०,००० बीटीयूचा हीटर सलग सुरू राहिला, तर तोच सिलेंडर १४ तासांत संपतो. त्यामुळे थंडीत फिरायला जाणार असाल, तर गॅसचा हिशेब शेगडीवरून नाही, हीटरवरून करायचा.

इंडक्शनचं गणित वेगळं आहे. कॅम्पसाइटवर विजेचं कनेक्शन असेल तर इंडक्शन उत्तम. ज्योत नाही, गॅस जळल्याचा धूर नाही. पण बॅटरीवर? १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-अवर वीज साठते. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेने चालवली, तर ती बॅटरी ४० मिनिटांच्या आत रिकामी होईल. म्हणजे कुकर लावून एक भाजी केली की संध्याकाळी दिवे आणि पाण्याचा पंप चालवायला वीज उरणार नाही.

कनेक्शन असलं तरी त्याची क्षमता विचारा. ३० अँपिअरच्या कनेक्शनवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी सुमारे १,५०० वॉट आणि इंडक्शन १,८०० वॉट घेतं. त्यात कुणी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडला. ५० अँपिअरच्या कनेक्शनवर १२,००० वॉटपर्यंत वीज मिळते, पण त्यासाठी ट्रेलरही तसा असावा लागतो. शिवाय ओट्यावरचे सगळे प्लग एकाच सर्किटवर असतील, तर मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालणार नाहीत.

थोडक्यात, वीज नसलेल्या ठिकाणी राहायचं असेल तर गॅस शेगडीच हवी. नेहमी कनेक्शन असलेल्या ठिकाणीच थांबणार असाल, तर इंडक्शनचा विचार करायला हरकत नाही.

४. फ्रिज कुठल्या प्रकारचा आहे?

ट्रेलरमध्ये साधारण दोन प्रकारचे फ्रिज मिळतात. पहिला गॅसवर चालणारा. ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा तयार करायचा, असं हे तंत्र. स्वीडनमधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ते शोधलं. याला विजेची गरज फार कमी, त्यामुळे जंगलात चार दिवस राहायला तो सोयीचा. पण तो थंड व्हायला खूप वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीच सुरू करावा लागतो. आणि ट्रेलर सपाट जागी उभा नसेल तर तो नीट चालत नाही, बिघडूही शकतो.

दुसरा १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवर चालणारा. घरच्या फ्रिजसारखाच. पटकन थंड होतो आणि थोडा उतार त्याला चालतो. पण तो दिवसभर बॅटरीतून वीज घेत राहतो. त्यामुळे सोबत दमदार बॅटरी आणि सोलर पॅनेल नसेल, तर कनेक्शन नसलेल्या ठिकाणी अडचण होते.

आणखी एक गोष्ट बघा. अनेक ट्रेलरमध्ये एक भिंत बाहेर सरकते आणि आतली जागा वाढते. प्रवासात ही भिंत आत असते. मग रस्त्यात थांबून डबा काढायचा असेल तर फ्रिजचं दार उघडतं का? की समोरच्या सोफ्याला अडतं? डीलरला ती भिंत पूर्ण आत घ्यायला सांगा आणि मग आत शिरून बघा.

५. हवा : सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न

मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी घरात दिली तरी शेजाऱ्यांना कळते. ट्रेलर तर जेमतेम एका खोलीएवढा. शेगडीपासून दोन हातांवर गादी आणि पडदे असतात. त्यामुळे वरची चिमणी धूर खरंच बाहेर टाकते का, हे तपासणं गरजेचं आहे. काही चिमण्या फक्त जाळीतून हवा गाळून तीच पुन्हा आत सोडतात. ज्या बाहेर सोडतात, त्यांच्या बाहेरच्या झडपेला प्रवासासाठी खिट्टी असते. स्वयंपाकाआधी बाहेर जाऊन ती उघडावी लागते. ती बंद राहिली तर पंखा नुसता आवाज करतो.

चिमणीपेक्षा जास्त उपयोगी पडतो तो छतावरचा पंखा. हवा बाहेर फेकणारा पंखा शेगडीच्या जवळ असेल तर उत्तम. तो लावताना एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा. आत यायला ताजी हवाच नसेल, तर तो बाहेर काय फेकणार?

हा प्रश्न फक्त वासाचा नाही. गॅस जळताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीवघेणा असतो. म्हणून थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून ट्रेलर गरम करायचा नाही. कधीच नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीजवळ बसवलेला असतो. त्याच्यासमोर पिशव्या किंवा चपलांचा ढीग नको. या अलार्मनाही मुदत असते. जुना ट्रेलर घेताना त्यावरची तारीख वाचा.

फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि वैतागून लोक त्याची बॅटरी काढून ठेवतात. मग रात्री खरंच काही पेटलं, तर उठवणारं कुणी नसतं. बॅटरी काढण्याऐवजी आधी पंखा लावा, खिडकी उघडा आणि मग तेल तापत ठेवा.

शेवटचं म्हणजे शेगडी आणि दार यांची जागा. झोपायची जागा एका टोकाला, दार दुसऱ्या टोकाला आणि मध्ये शेगडी असेल, तर आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. अशा वेळी झोपायच्या जागेजवळची आपत्कालीन खिडकी उपयोगी पडते. ती घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, उघडता येते का हे बघा. अग्निशामक सिलेंडर दाराजवळ हवा, शेगडीच्या मागे नाही.

बाहेरचं किचन घ्यावं का?

काही ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला एक झाकण उघडलं की छोटी शेगडी आणि फ्रिज असतो. मासे तळायचे असोत की ठसकेबाज फोडणी द्यायची असो, वास आणि वाफ बाहेरच राहते. पण त्यासाठी आतली जागा आणि वजन खर्च होतं. पावसात, वाऱ्यात त्याचा उपयोग नाही. ट्रेलरला जोडलेली शेगडी नको असेल, तर एक सुटी शेगडी आणि घडीचं टेबल यावरही काम भागतं.

जिथे अस्वलं आहेत तिथले नियम मात्र आधी वाचा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये पाणी, वीज आणि ड्रेनेज तिन्ही जोडण्या मिळतात. पण अस्वलांच्या वावरामुळे तिथे फक्त पक्क्या भिंतींच्या वाहनांना प्रवेश आहे. कापडी भिंतींचे, घडीचे ट्रेलर चालत नाहीत. अशा भागात अन्न, खरकटी भांडी, अगदी तेलकट शेगडीही बाहेर सोडून झोपता येत नाही.

याच यलोस्टोनमध्ये आपला प्रेशर कुकरही कामी येतो. तिथलं मोठं तळं समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, तापमान वाढतं आणि गॅस, पाणी, वेळ तिन्ही वाचतं. वाफही कमी होते.

घेण्याआधी ही परीक्षा घ्या

ट्रेलर बघायला जाताना मोजपट्टीसोबत घरचा कुकर, पोळ्यांचा तवा आणि पोळपाट घेऊन जा. डीलर हसला तरी चालेल. शेगडीवर कुकर आणि तवा एका वेळी बसतात का? दोन-तीन बर्नर असले तरी ते इतके जवळ असतात की अनेकदा एकच मोठं भांडं मावतं. दोन्ही ठेवल्यावर पोळपाटाला ओट्यावर जागा उरते का? सिंकवर फळी टाकून ओटा वाढवला असेल, तर पोळ्या लाटताना हात कुठे धुणार? कुकरचं झाकण उघडताना वरचं कपाट आडवं येतं का?

मग खोटा-खोटा स्वयंपाक करून बघा. एकाने भाजी चिरायची, दुसऱ्याने फ्रिज उघडायचा, तिसऱ्याने बाथरूमला जायचं. तिघंही एकमेकांना न धडकता हे करू शकले, तर मांडणी जमली. कपाटांना प्रवासात बंद राहणाऱ्या कड्या आहेत का, तेही बघा. नाहीतर पहिल्याच वळणावर मसाल्याचा डबा जमिनीवर आणि हळद गालिच्यावर.

सगळ्यात उत्तम म्हणजे घेण्याआधी भाड्याने घेऊन बघणं. आउटडोअर्सी, आरव्हीशेअर यांसारख्या साइटवर लोक आपले ट्रेलर भाड्याने देतात. तुम्हाला घ्यायचा आहे तशाच मांडणीचा ट्रेलर तीन दिवसांसाठी घ्या आणि त्यातला किमान एक दिवस पाणी-विजेचं कनेक्शन न घेता राहा. दोन्ही वेळचा स्वयंपाक आतच करा. पाणी किती लागलं, सांडपाण्याची टाकी कधी भरली, ब्रेकर किती वेळा पडला, हे वहीत लिहून ठेवा.

भारतात असे ओढायचे ट्रेलर क्वचितच दिसतात. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या साधारण इंजिन असलेल्या कॅरॅव्हॅन. कोकणात जाण्यासाठी तशी गाडी बुक करत असाल, तरी पाणी, सांडपाणी, गॅस, वीज आणि हवेचे हेच प्रश्न फोनवर विचारून घ्या. ओटा किती सुंदर आहे ते फोटोत दिसेलच. सांडपाण्याची टाकी किती लिटरची आहे, ते मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.